मामा, जरा थांबाल का?

गेटवर बसलेल्या माणसांमधून ‘नाही’ न म्हणणारा माणूस मला लांबून ओळखू यायचा. तो बोर्डिंग पास दोन्ही हातांनी धरून बसतो. घोषणा दुसऱ्याच विमानाची असली तरी उठून उभा राहतो. युनिफॉर्ममधल्या कोणीही त्याच्याकडे पाहिलं की तो आधी हसतो आणि मग काय झालं असेल या विचाराने घाबरतो. विमान कंपनीच्या नोकरीत मी तिकिटं तपासायला शिकलो, बॅगा शोधायला शिकलो, शिव्या खाऊन ‘सॉरी सर’ म्हणायला शिकलो. पण माझ्या वरिष्ठांना माझी किंमत वाटायची ती या नजरेमुळे. आणि माझ्या मराठीमुळे.

संपादकांनी मला विमानतळावरचे गमतीदार अनुभव लिहायला सांगितले आहेत. गमती आहेत. त्यातल्या एकदोन सांगतो. पण लिहायला बसलो की हसू येत नाही, राग येतो, आणि तो कंपनीवर जितका येतो तितकाच स्वतःवर. तेव्हा जे येतंय ते लिहितो.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते. गिरण्या बंद झाल्यावर आमच्या चाळीतली बरीच मुलं विमानतळावर लागली. कोणी सामान चढवायला, कोणी गाड्या ओढायला. मी पदवीधर होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून मला टाय मिळाला. आई तो टाय कपाटाच्या दारावर लावून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. आता ती नोकरी सोडली आहे. परळला मेव्हण्याच्या चष्म्याच्या दुकानात बसतो.

आधी धंदा समजावून सांगतो, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

विमानात जितक्या खुर्च्या असतात त्यापेक्षा जास्त तिकिटं विकली जातात. चोरून नाही, राजरोस. काही लोक ऐनवेळी येतच नाहीत, हा त्यामागचा हिशेब. बहुतेक वेळा तो जुळतो. पण लग्नसराईत, सुट्ट्यांत सगळेच येतात, आणि मग कोणाला तरी खाली ठेवावं लागतं. आमच्या भाषेत ‘ऑफलोड’. हा शब्द सामानाला वापरतात तोच.

कोणाला ठेवायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक प्रवाशाची पत असते. कंपनीच्या विमानांनी वारंवार उडणाऱ्याला पॉइंट मिळतात, पॉइंट साठले की कार्ड मिळतं. साधं, चंदेरी, सोनेरी. सोनेरी कार्डवाल्याला कंपनीने शब्द दिलेला असतो, की विमान भरलेलं असलं तरी तुम्हाला जागा देऊ. ती जागा कुठून आणणार? यादीच्या तळातून. तळाला कोण? ज्याच्याकडे कार्ड नाही, आणि ज्याने तिकीट सेलमध्ये स्वस्तात घेतलं. तुम्ही फोनवर ‘महासेल’ पाहून खूश होऊन तिकीट काढता ना, तेव्हा तुम्ही विमानातल्या शेवटच्या पंगतीला बसलेले असता. जाहिरातीत ते लिहीत नाहीत.

आमचे एक सोनेरी कार्डवाले साहेब होते. प्रभादेवीला टॉवरमध्ये राहायचे. मराठी, बोलायला गोड, दिवाळीला काउंटरवर सुक्या मेव्याचा डबा पाठवणारे. त्यांचं कार्ड टिकायला वर्षभरात ठरावीक फेऱ्या व्हाव्या लागत. डिसेंबरात एखाददुसरी कमी पडते असं दिसलं की ते कुठलंही तिकीट काढून यायचे.

“आज कुठे, सर?” मी विचारायचो.

“अहो, जायचंय कुणाला? तिकडे उतरायचं, कॉफी प्यायची, त्याच विमानाने परत. दुपारी जेवायला घरी.”

“सामान?”

“चार्जर,” म्हणायचे आणि खिसा दाखवायचे.

हे वेड नाही. हे करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना याचा अभिमान असतो. कार्डामुळे काय मिळतं? वेगळी रांग मिळते. लाउंजमधली इडली फुकट मिळते. आपल्या आधी कोणीतरी नाव घेऊन ‘वेलकम’ म्हणतं. एवढ्यासाठी शिकलेला, कमावता माणूस कुठेही न जाता आभाळात एक चक्कर मारून येतो, आणि हे त्याच्याकडून करून घेणाऱ्या योजनेला ‘निष्ठा’ असं नाव आहे. कोणाची कोणावर निष्ठा, ते मला इतकी वर्षं नोकरी करूनही समजलं नाही.

आता माझं काम. एखाद्या प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खाली ठेवलं तर कंपनीला भरपाई द्यावी लागते, दुसऱ्या विमानाची सोय करावी लागते. पण तो स्वतःहून थांबला तर जेवणाचं कूपन आणि थोडे पॉइंट दिले की भागतं. म्हणून स्वतःहून थांबणारा माणूस तयार करावा लागतो. गेटवर मराठी कुटुंब दिसलं की ड्यूटी मॅनेजर मला कोपराने ढोसायचा. “तेरे लोग हैं. तू बोल ना.”

मी जायचो. खुर्चीपाशी गुडघ्यावर बसायचो, म्हणजे माझं डोकं त्यांच्यापेक्षा खाली येईल. ‘मॅडम’ म्हटलं की माणूस सावध होतो, नियम विचारतो. ‘मावशी’ म्हटलं की विचारतो, “काय झालं रे बाळा?” एकदा बाळा झालो की पुढचं काम सोपं असायचं. ‘आपला माणूस आहे, उगाच कशाला सांगेल’ असं त्या शेजारणीला सांगायच्या आणि बॅग उचलायच्या. हे मला कोणी शिकवलं नाही. माझ्या घरात, माझ्या चाळीत जे होतं तेच मी कामाला लावलं.

सुरक्षा तपासणीचं वेगळंच. तिथे आमचं काही चालत नाही, आणि तिथल्या जवानांना मी दोष देत नाही. नियम त्यांनी केलेले नाहीत. पण या गावात चालतं ते त्या गावात चालत नाही, काल चाललं ते आज चालत नाही, आणि का, हे कोणी सांगत नाही. आमच्या गल्लीतल्या एक बाई मुलीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. लालबागच्या डंकावर स्वतः उभं राहून कुटून घेतलेला मसाला त्यांनी हातातल्या पिशवीत ठेवला होता, मोठ्या बॅगेत फुटेल म्हणून. मिरचीची पूड हातात न्यायला बंदी. कोणाच्या डोळ्यांत फेकाल म्हणून. बाई जवानाला म्हणाल्या, “अरे, मी ह्यो जावयाच्या डोळ्यात नाय फेकूक, तर तुझ्या कशाक फेकू?” त्याला कळलं नाही, पण मागची सगळी रांग हसली. मसाला गेलाच. पिशवी टोपलीत पडली तेव्हा बाईंचा चेहरा मी पाहिला, तेव्हापासून मला ती गंमत म्हणून सांगताना बरं वाटत नाही.

आता नारळांचं सांगतो.

डिसेंबरातली सकाळ होती. ठाकूरद्वारच्या एका वाडीतली लग्नाची मंडळी नागपूरला निघाली होती. नवरी, तिची आई, शेजारपाजार, आणि नवरीचे मामा. नवरीचं नाव अश्विनी. वडील ती लहान असतानाच गेलेले. आई सुमनताई तिला घेऊन भावाच्या खोलीत राहायला आल्या, त्या तिथेच राहिल्या. भावाने लग्न केलं नाही. गिरगावातल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, मग छापखाना बंद झाल्यावर एका वकिलाकडे टायपिंग केलं, आणि भाचीला वाढवलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की अख्खी वाडी या उंच, वाकलेल्या माणसाला मामाच म्हणते. अगदी त्यांच्याएवढे म्हातारेसुद्धा.

मंडळी तपासणीत अडकली होती. शेजारच्या मालूकाकूंनी रुखवतासाठी सुक्या नारळांचे नवरा-नवरी केले होते. नवऱ्याला फेटा, मिशा. नवरीला नऊवारी, नथ, केसांत कागदी गजरा. जवानाने ते पडद्यावर पाहिले आणि पिशवी उघडायला लावली.

“ये क्या है?”

“नवरा-नवरी,” मामा म्हणाले.

जवान हसला. मग त्याने नवऱ्याचा फेटा वर करून पाहिला आणि हसायचा थांबला. “चाचा, सूखा नारियल है. अलाउड नहीं है. आग पकडता है.”

“अहो, पण ह्यांना पेटवणार कोण? रुखवतात मांडायचेत.”

“रूल है, चाचा.”

मालूकाकू पुढे सरसावल्या. “मग नथ तरी काढू द्या तिची. आठवडा घालवलाय मी त्या नथीवर.”

मी तिथून चाललो होतो. मराठी ऐकलं आणि थांबलो. थांबलो ते चांगल्या मनाने, हे मात्र खरं आहे. जवानाशी बोललो, पिशवी ताब्यात घेतली आणि मामांना म्हणालो, “हे माझ्याकडे ठेवतो. तुम्ही लग्नाहून आलात की घरी आणून देईन. टोपलीत नाही जाऊ देणार.”

मामांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. “तुम्ही राहता कुठे?”

“लालबाग.”

“मग प्रश्नच मिटला,” ते म्हणाले आणि मालूकाकूंकडे वळले. “लालबागचे आहेत. पिशवी सुखरूप आहे, चला.”

नवरीने मेंदीचे हात जोडले. मी पिशवी ऑफिसात ठेवून गेटवर गेलो.

विमान गच्च भरलं होतं. बसवायला सुरुवात होणार एवढ्यात सोनेरी कार्डवाले साहेब आले. तिकीट त्यांनी आदल्या दिवशीच काढलेलं, कार्डाच्या जोरावर. ड्यूटी मॅनेजरने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “एक चाहिए. वो तेरी नारियलवाली पार्टी है ना? सेल फेअर है सब.”

मला साहेबांचं काम काय आहे ते माहीत होतं. विचारायची गरज नव्हती. डिसेंबर होता आणि खिशात चार्जर होता.

तरी मी गेलो. गुडघ्यावर बसलो. तिकिटं काढणारा प्रसाद म्हणून अश्विनीचा चुलतभाऊ होता, त्याला आणि सगळ्यांनाच उद्देशून म्हणालो, “एक अडचण आहे. एका प्रवाशाला फार तातडीने जायचंय. तुमच्यापैकी एक जण दुपारच्या विमानाने गेला तर फार उपकार होतील. लग्न कधी आहे?”

“गोरज मुहूर्त,” सुमनताई म्हणाल्या.

“मग दुपारचं विमान आरामात पोहोचतं.”

प्रसाद तरुण होता, त्याला वास आला. “पण आमची कन्फर्म तिकिटं आहेत ना? मग आम्हीच का?”

हाच प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मला द्यावं लागलं असतं तर काय दिलं असतं कोण जाणे. पण मामा उठून उभे राहिले होते. “मी थांबतो.”

“दादा, तू नको,” सुमनताई पटकन म्हणाल्या. “प्रसाद थांबेल.”

“अगं, हॉलवाल्याचे, जेवणवाल्याचे सगळे फोन प्रसादकडे. बायकांना एकटं कसं ठेवायचं? माझं सकाळी तिथे काय काम आहे? मी संध्याकाळी लागणार.”

“मामा, तू पुढे चल ना,” अश्विनी म्हणाली. “दुसरं कोणीतरी थांबू दे.”

“तू जा गं. तुझ्याआधी पोहोचतो बघ.”

ज्या घरात मुलीकडचे म्हणून सगळ्यांच्या शेवटी जेवायचं असतं, पाहुण्यांना गाद्या देऊन स्वतः सतरंजीवर झोपायचं असतं, त्या घरातला सगळ्यात मोठा माणूस कोणी विचारायच्या आधी उठतो. ते लग्नाचं सर्वांत गरजेचं माणूस होतं, आणि सवयीने तेच उठलं.

मी मराठी घरात वाढलो आहे. मुलीचा मामा लग्नात काय करतो, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. अंतरपाट धरला की भटजी कोणाला हाक मारतात, हे मी कितीतरी लग्नांत ऐकलं आहे. ‘तुम्ही बसा, दुसरं कोणी पाहतो,’ एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, “मामा, जरा थांबाल का? खरंच मोठी मदत होईल.”

“थांबतोय की,” ते म्हणाले. मग हळूच विचारलं, “कोणाकडे काही आजारपण वगैरे आहे का हो? ज्यांना जायचंय त्यांच्या?”

“तसंच काहीतरी आहे,” मी म्हणालो.

त्यांनी ‘स्वेच्छेने’ लिहिलेल्या कागदावर सही केली. मंडळी विमानात गेली. शेवटी साहेब आले. जाता जाता त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. “वाचवलंत बुवा.” मामा बाजूलाच उभे होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि ते विमानात नेणाऱ्या पुलावरून दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले.

“बिचारा,” मामा म्हणाले. “बॅग भरायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला.”

मी त्यांचा तो समज दुरुस्त केला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

ऑफलोड झालेल्या माणसाला तसंच गेटवर बसता येत नाही. त्याचा पास रद्द होतो, त्याला बाहेर नेतात, नवा पास देतात, आणि तो पुन्हा पहिल्यापासून रांगेत लागतो. मामांनी पुन्हा पट्टा काढला, पुन्हा खिशातली नाणी ट्रेमध्ये ठेवली, पुन्हा हात पसरून उभे राहिले. जवान सकाळचाच होता. “चाचा, आप फिर?” त्याने विचारलं. “दुल्हन गई?”

“गेली. आता मामा चाललाय,” मामा म्हणाले.

दुपारचं विमान यायलाच उशीर झाला. कुठेतरी तांत्रिक बिघाड. पडद्यावरची वेळ थोडीथोडी पुढे सरकत राहिली. एकदम मोठा आकडा दाखवला तर लोक भडकतात, म्हणून तसं करतात. याच्यासाठीही कोणीतरी डोकं लढवलेलं असतं. मामा खुर्चीत ताठ बसले होते. फोन आला की म्हणत, “येतोय, येतोय. विमान समोर दिसतंय.” समोर काही नव्हतं.

त्याच सुमाराला सकाळचं विमान नागपूरहून परत आलं. पुलावर मीच होतो. साहेब सगळ्यांच्या आधी बाहेर आले, ताजेतवाने. “झालं काम,” म्हणाले. “कार्ड वाचलं.”

मी ड्यूटी मॅनेजरकडे गेलो. दुसऱ्या कंपनीचं एक विमान थोड्या वेळात सुटत होतं. म्हणालो, मामांना त्यात बसवा, त्यांच्या भाचीचं लग्न आहे, मुहूर्त जाईल. त्याने कागद पाहिला. “वॉलंटरी है ना?”

“मैंने करवाया है वॉलंटरी.”

“तो अच्छा किया. वॉलंटरी को दूसरी एअरलाइन नहीं मिलती. तुझे मालूम है.”

मला मालूम होतं. तोच तर सगळा खेळ होता. मी माझ्या खिशातून तिकीट काढायला हवं होतं. सुचलं नाही, की सुचलं आणि नको वाटलं, हे आज मला सांगता येत नाही. दुसऱ्या कंपनीचं ते विमान आमच्या काचेसमोरून सरकत गेलं. मामा म्हणाले, “आमचंच का हो?” मी मान हलवली.

मामांचं विमान उन्हं उतरायला लागल्यावर सुटलं. मुहूर्त ते हवेत असतानाच लागला.

पिशवी मी घरी नेली. बायकोने नवरा-नवरीला फ्रिजवर बसवलं. “किती गोड केलेत. कोणाचे?” तिने विचारलं. एका प्रवाशाचे, म्हणालो. आज देऊन येतो, उद्या देऊन येतो असं करत मी टाळत राहिलो. शेवटी स्वयंपाकघरात खवट वास यायला लागला. आतलं खोबरं बिघडत होतं. बायको म्हणाली, “परत द्यायचे नसतील तर टाकून द्या, पण असे ठेवू नका.” तेव्हा ठाकूरद्वारला गेलो.

दार सुमनताईंनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत. आतून मामांचा आवाज आला, “कोण आहे?” आणि मला पाहून ते उठून आले. “अरे, लालबाग! आले का आमचे नवरा-नवरी?”

खोलीत भिंतीला लागून दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. मामा ठाकूरद्वारच्या वाचनालयाचे जुने सभासद. शिळे झालेले अंक वाचनालय काढून टाकतं, ते मामा घरी आणतात आणि पुन्हा वाचतात. कंपनीने त्यांना पॉइंट जमा केलेलं एक साधं कार्ड पाठवलं होतं. मामांनी ते वाचनखूण म्हणून एका अंकात घातलं होतं. “छान जाड आहे. पान दुमडावं लागत नाही,” म्हणाले.

मग त्यांनी लग्नाचा आल्बम काढला.

अंतरपाट. या बाजूला नवरा. त्या बाजूला अश्विनी, मान खाली, आणि तिच्या कोपराला धरून उभा असलेला एक गोरा, जाड माणूस, गुलाबी फेट्यातला.

“हे कोण?” मी विचारलं.

“माहीत नाही,” मामा म्हणाले. “त्यांच्याकडचे कोणीतरी. भटजींनी हाक मारली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणी येईना म्हणून यांना पुढे केलं. व्याह्यांनासुद्धा नीट नाव सांगता येत नाही. दिसायला बरा आहे ना माणूस?”

“मी आणणार होते तिला,” सुमनताई दारातून म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “मी पाऊल टाकलं होतं. त्यांच्याकडच्या एका बाईने दंड धरला. तुम्ही नको, म्हणाली. विधवा ना मी. दादा असता तर कोणाची हिंमत झाली नसती. पोरगी आत अडून बसली होती, मामा आल्याशिवाय येत नाही म्हणून. मुहूर्त जाईल म्हणून सगळे ओरडले तिच्यावर. ह्या सगळ्या फोटोंत रडलीय ती, नीट बघा.”

मी पाहिलं. प्रत्येक फोटोत पाहिलं.

“सुमन, चहा टाक,” मामा म्हणाले. “अहो, पंगतीला मी होतो. शेवटच्या. जिलबी उरली होती भरपूर.” मग पिशवीतून काढलेल्या नारळाच्या नवरीची तिरकी झालेली नथ सरळ करता करता त्यांनी सहज विचारलं, “तो माणूस पोहोचला ना रे वेळेवर? बिनबॅगेचा?”

सुमनताई आत गेल्या नव्हत्या. दारातच उभ्या होत्या.

“पोहोचला,” मी म्हणालो.

“मग झालं,” मामा म्हणाले. “मी अश्विनीलाही तेच सांगितलं. म्हटलं, कोणाची तरी शेवटची भेट झाली असेल आपल्यामुळे.”

चहा न घेता मी निघालो.

त्यानंतर गेटवर मला पाठवलं की मी गुडघ्यावर बसायचो आणि कानाशी बोलायचो, “मावशी, कोणी कितीही गोड बोललं तरी उठू नका. कोणासाठी उठायचं ते आधी विचारा. दुसरं विमान मागा.” मॅनेजरला मराठी येत नव्हतं. काही दिवस त्याला वाटत राहिलं की माझी जादू ओसरली. मग कोणीतरी सांगितलं. मला हरवलेल्या बॅगांच्या खिडकीवर बसवलं, आणि काही वर्षांनी मी तिथूनही उठलो. हे शौर्य नव्हतं. तोवर नोकरीतल्या बढत्या घेऊन झाल्या होत्या, आणि त्यातली एक त्या लग्नाच्याच वर्षीची होती. ‘प्रवाशांशी उत्तम संवाद’ असं कारण लिहिलं होतं.

माझ्या जागी आता दुसरं कोणी असेल. आपल्यातलंच. त्याला पगार त्याच जिभेचा मिळत असेल.

हा अंक ठाकूरद्वारच्या त्या वाचनालयात जाईल, हे मी संपादकांना आधी विचारून घेतलं आणि मगच लिहायला बसलो. मामा अंक पहिल्या पानापासून क्रमाने वाचतात, काही गाळत नाहीत. म्हणजे कधीतरी इथे पोहोचतीलच.

मामा, तो माणूस आजारी नव्हता. त्याच्या घरी कोणी आजारी नव्हतं. त्याला नागपूरला काही काम नव्हतं, तो तिथे विमानतळाबाहेरही पडला नाही. तुम्ही खुर्चीत बसून सुमनताईंना ‘येतोय, येतोय’ सांगत होतात तेव्हा तो घरी जेवायला निघाला होता. तुमच्या हातात आत्ता वाचनखूण म्हणून जे आहे ना, तसल्याच एका कार्डासाठी मी तुम्हाला उठवलं. मला ते तेव्हाच माहीत होतं.

तुम्ही ‘मग झालं’ म्हणालात. ते परत घ्या.